वजन उतरवताना उत्साह कुठे संपतो आणि तिथे काय करायचं

वजन कमी करायला सुरुवात करणं फारसं कुणाला जड जात नाही. रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला, लग्नातले फोटो पाहिले किंवा नवं वर्ष लागलं, की सातारकर माणूस पहाटे उठून चारभिंतीच्या टेकडीकडे निघतोच. अडतं ते पुढे. दोन-तीन आठवड्यांत पाय घरातच राहतात आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. खरं तर उत्साह ओसरण्याच्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात काटा हलेनासा होतो तेव्हा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवलाई संपते तेव्हा, जूनमध्ये पाऊस लागतो तेव्हा, गणपती ते दिवाळीच्या काळात, तीन-चार महिन्यांनी वजन अडकून बसतं तेव्हा आणि आजारपणाने खंड पडतो तेव्हा. प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे आणि तो आधी करून ठेवावा लागतो. अंगात हुरूप असतो त्या पहिल्या आठवड्यातच पुढची तयारी उरकून घ्या.

पहिल्या संध्याकाळचं काम

एक वही, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी आणि वजनकाटा एवढं जमवा. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: वजन, कंबर आणि दम.

कंबर म्हणजे पँट जिथे बांधतो ती जागा समजू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी धरायची, श्वास सोडायचा, पोट आत न ओढता मोजायचं. भारतीय लोकांसाठी पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी शरीरयष्टी फार दिसते. अशा माणसाचं वजन ठीक असलं तरी कंबर खरी गोष्ट सांगते. दम मोजायला जिना पुरतो. दोन मजले नेहमीच्या चालीने चढून वर एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का, ते लिहून ठेवा.

आता ध्येय. ‘वीस किलो उतरवायचे’ असं वहीत लिहू नका. वीस किलोंचं ध्येय पहिले चार महिने तुम्हाला रोज नापासच ठरवत राहील. आजच्या वजनाच्या ५ टक्के एवढाच पहिला टप्पा धरा. ८० किलोंच्या माणसाला ४ किलो, ७० किलोंच्या बाईला साडेतीन किलो. आठवड्याला सरासरी ४०० ते ५०० ग्रॅम हा टिकणारा वेग आहे, म्हणजे हा टप्पा दोन-अडीच महिन्यांत पार होतो. एवढ्यानेही शरीरात मोठा फरक पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पहिला टप्पा गाठला की नव्या वजनाचे ५ टक्के काढून पुढचा ठरवायचा.

चढ चढताना छातीत दाटून येत असेल, चक्कर येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी चालायला जाताना तीन चमचे साखरेची पुडी खिशात ठेवावी. जेवण कमी केलं आणि चालणं वाढवलं की औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. ती आपल्या मनाने बदलू नये.

वेळ, जागा आणि दहा मिनिटांचा दिवस

‘उद्यापासून चालणार’ या ठरावात तीन गोष्टी राहून जातात: कशानंतर, कुठून कुठे, आणि ते नाही जमलं तर काय. त्या वहीत पूर्ण वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘सकाळचा चहा संपला की बूट घालून गोडोली तळ्यापर्यंत जाऊन परत येणार. पाऊस असेल तर बिल्डिंगचा जिना. सकाळ चुकली तर संध्याकाळी कामावरून आल्यावर खुर्चीत बसायच्या आधी.’ घड्याळातल्या वेळेपेक्षा रोज हटकून होणाऱ्या गोष्टीला चालणं जोडलं की ते जास्त टिकतं. शिफ्ट बदलते तेव्हा पहाटे सहाचा गजर कामाचा राहत नाही, पण चहा तर रोज होतोच. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येऊन लगेच चालायला जाऊ नये. झोप पुरी करून, उठल्यानंतरच्या चहाला चालणं जोडावं. झोप तुटली की भूक वाढते आणि गोड खावंसं वाटतं.

घरातल्या बाईची सकाळ डबे, दूध आणि मुलांची शाळा यांत जाते. तिला ‘पहाटे पाचला उठ’ सांगणं म्हणजे तिची झोप कापणं. दहा-साडेदहाला घर रिकामं झाल्यावरचा अर्धा तास किंवा संध्याकाळची वेळ तितकीच उपयोगी आहे. ती वेळ घरात सर्वांसमोर सांगून ठेवावी आणि त्या अर्ध्या तासात गॅसवरचं दूध, दाराची बेल, सासऱ्यांचा चहा हे दुसऱ्या कुणी पाहायचं तेही ठरवून घ्यावं. हे ठरलं नाही, तर इच्छा कितीही असो, चालणं पंधरा दिवसांवर जात नाही.

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उतरलं की परतताना चढ आलाच. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला महिना शक्य तितकी सपाट जागा निवडावी. घराजवळचं मैदान, शाहू क्रीडा संकुल, कॉलनीतले आतले रस्ते. अजिंक्यतारा पहिल्याच रविवारी गाठायचा मोह आवरा. वजन जास्त असताना चढण दमवते आणि उतरण गुडघे धरते. मग दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि मंगळवारी सगळं थांबतं.

पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्यात २०. तिसऱ्यात वाढवू नका, २०च राहू द्या. हा आठवडा घसरणीचा आहे. नवलाई गेलेली असते, सवय लागलेली नसते आणि वाढवलेली मिनिटं नेमकी इथेच भारी होतात. चौथ्यात २५ आणि सहाव्यापर्यंत ३०. तीस मिनिटं पाच दिवस म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी किमान एवढंच सांगते. चाल अशी हवी की सोबतच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दहा मिनिटांचा दिवस. पाहुणे आले, डोकं दुखतंय, कंटाळा आलाय, अशा दिवसासाठी आधीच ठरवून ठेवायचं की आज फक्त १० मिनिटं. बूट घालायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं आणि वहीत त्या दिवशी पूर्ण टिक करायची. दहा मिनिटांनी फार कॅलरी जळत नाहीत हे खरं आहे. त्यांचं काम दुसरंच आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी लागू नये हे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोजची एखादी नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८ पुरले, कुणाला आठ महिन्यांहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याच अभ्यासात मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणून नियम एवढाच: सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत.

सोबत असावी, पण दोघा-तिघांचीच. वीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुविचार येतात, माणसं येत नाहीत. एक शेजारीण, एक सहकारी, ज्याला तुमची वाट पाहत कोपऱ्यावर उभं राहावं लागतं, तो खरा उपयोगाचा. तो गावाला गेला तर काय, हेही लिहून ठेवा. जोडी मोडली की दोघांचंही बंद पडतं, हे फार वेळा घडतं. पहाटे अंधारात कुत्र्यांचा त्रास असेल तर हातात काठी ठेवा आणि उजाडल्यावर निघा. भीती वाटली तर पाय बाहेर पडत नाहीत, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा आठवडा पार पडला की आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १० वेळा, पायरीवर चढ-उतार प्रत्येक पायाने १०. एवढ्याचे दोन फेरे, १२ ते १५ मिनिटांत होतात. महिन्याभराने खुर्ची काढून अर्ध्या बैठका, भिंतीऐवजी कट्ट्यावर जोर. तालमीतल्या पोरांचे शंभर-शंभर जोर पाहून तेवढ्याची सुरुवात करू नये. खाणं कमी करताना हे व्यायाम नसतील तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन उतरूनही अंगात बळ वाटत नाही. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं साहजिक आहे, ते तीन दिवसांत जातं. सांध्यात एकाच ठिकाणी टोचणारी कळ मात्र साहजिक नाही. तिथे थांबावं.

काट्याशी कसं वागायचं

लोक सोडतात ते बहुतेक काट्यामुळे, म्हणून हे नीट समजून घ्या.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर असते. प्रौढ माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी-साखर कमी केली की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन जातात. दुसऱ्या आठवड्यात पाणी जायचं थांबतं, चरबी मात्र हळूच जात असते. माणसाला वाटतं, गाडी थांबली. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट पाडली तरी आठवड्याला साडेचारशे ग्रॅमच भरतात. याहून जास्त वेगाने जे उतरतं त्यात पाणी आणि स्नायू यांचा वाटा असतो.

शिवाय रोजचं वजन वर-खाली होतंच. रात्री लोणचं-पापड, खारवलेले दाणे किंवा हॉटेलातलं खाल्लं की सकाळी अर्धा ते एक किलो जास्त. पाळीच्या आधी काही जणींचं एक-दोन किलोही वाढतं आणि नंतर उतरतं. पोट साफ झालं नाही तर तेही. व्यायाम नव्याने सुरू केला की स्नायू पाणी धरतात. यातलं काहीच चरबी नव्हे.

म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, फरशीवर त्याच जागी ठेवलेल्या काट्यावर वजन घ्या, लिहा आणि विसरा. रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागा. तुलना सरासरीची सरासरीशीच. समजा एका आठवड्याचे आकडे असे आले: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७७.९, ७८.०, ७८.७. सरासरी ७८.४. पुढच्या आठवड्याचे: ७८.२, ७८.५, ७७.८, ७८.१, ७७.६, ७७.४, ७८.०. सरासरी ७७.९. अर्धा किलो गेला. पण ज्याने पहिल्या आठवड्यात शनिवारी एकदाच वजन केलं आणि दुसऱ्यात रविवारी, त्याला दोन्हीकडे ७८.० दिसणार आणि तो म्हणणार, काही उपयोग नाही.

ज्यांचा सबंध दिवस काट्यावरच्या आकड्यावर ठरतो, त्यांनी काटा कपाटात ठेवावा आणि पंधरा दिवसांनी फक्त कंबर मोजावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी पाळीच्या एका चक्राची तुलना मागच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी करावी.

आणि तिसरा पुरावा, दमाचा. दीड महिन्यानंतर अजिंक्यतारा चढायला हरकत नाही. एकच वाट ठरवा, खालची एकच खूण आणि वर किल्ल्याचा दरवाजा. लागलेली मिनिटं आणि किती ठिकाणी थांबलात ते लिहा. महिन्यातून एकदाच, त्याच वेळी. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. काटा अडलेला असतानाही हा आकडा बहुतेक वेळा सुधारत असतो, आणि हातातल्या घड्याळाने दाखवलेली सुधारणा मनाला फार मोठा आधार देते.

यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन २०१२पासून होते आणि अनेकांना तेच पहिलं ध्येय वाटतं. ती २१ किलोमीटरची आहे, आधी चढण आणि परतताना उतार. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. वजन बरंच जास्त असलेल्याने ती दुसऱ्या वर्षाची गोष्ट ठेवावी. पहिल्या वर्षी आपल्या चालण्याच्या वाटेवरून ५ किलोमीटर न थांबता पूर्ण करणं हे चांगलं आणि पुरेसं ध्येय आहे.

उपाशी माणसाचा उत्साह टिकत नाही

चालण्यातून वजन उतरेल ही आशा मोठी असते. सत्तर किलोंच्या माणसाने अर्धा तास चाललं तर बसून राहण्यापेक्षा ८०-९० कॅलरी जास्त जळतात. मोती चौकातला एक कंदी पेढा जवळजवळ तेवढ्याच कॅलरींचा असतो. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी आणि उतरवलेलं वजन परत येऊ नये म्हणून हवंच. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

पण ताटात एकदम सगळं बदललं तर दहाव्या दिवशी माणूस फ्रिजपुढे उभा असतो. पंधरा दिवसाला एकच बदल करा.

पहिला बदल तेलाचा, कारण तो जाणवत नाही. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर लागत असेल तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच अडीच लिटरवर आणलं तर माणशी रोज शंभर कॅलरी वाचतात आणि कुणाच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. बुधलीतून ओतायचं बंद करून चमच्याने घालायचं, एवढ्यानेच निम्मा फरक पडतो. दाण्याच्या कुटाचंही तसंच. एक मोठा चमचा कूट म्हणजे ५५-६० कॅलरी, आणि आपल्याकडे तो मुठीने पडतो.

दुसरा बदल चहाचा. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे रोज ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. एकदम बिनसाखरेचा घेऊ नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुरत नाही. कामाच्या ठिकाणी साखर घातलेलाच चहा येत असेल तर पाचाचे तीन करा.

तिसरा बदल सर्वांत उपयोगी: प्रत्येक जेवणात प्रथिनं. मटकीची उसळ, अख्खा मसूर, घट्ट वरण, अंडी, दही, चिकन, मासे, सोयाबीन वड्या. कोरडी डाळ किंवा कडधान्य ५० ग्रॅम शिजवलं की सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात ६. पातळ आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त, म्हणून ती पोटाला धरत नाही. ताटात आधी काकडी-मुळा-कोबीची कोशिंबीर, मग उसळ वा अंडी, मग भाकरी आणि शेवटी भात असा क्रम ठेवला तर भात आपोआप कमी घेतला जातो. ज्वारीची भाकरी जरूर खा, पण ती मोजून. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे २०० कॅलरी, पोळीपेक्षा हलकी असते हा समज चुकीचा आहे. ती चावून खावी लागते म्हणून पोट भरल्याचं लवकर कळतं, हा तिचा खरा गुण.

संध्याकाळी पाच ते सात हा वेळ घसरणीचा. दुपारचं जेवण बाराला आणि रात्रीचं साडेनऊला असेल तर मधे फरसाण येणारच. इच्छाशक्तीवर विसंबू नका, त्या वेळी काहीतरी ठरवून खा. मूठभर फुटाणे, एक पेरू आणि ताक, उकडलेलं अंडं, कांदा-टोमॅटो घातलेली मोडाची मटकी. फरसाणाचा डबा डोळ्यासमोरच्या फळीवरून वरच्या कपाटात गेला तरी खाणं कमी होतं.

उपवास हा वजन उतरवायचा उपाय समजू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात कूट आणि तूप. एक भरलेली बशी चार-पाचशे कॅलरींची, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा भूक. श्रावणी सोमवार किंवा चतुर्थी करायचीच तर ताक, फळं, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर-दही यांवर करावी.

पाऊस

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्याचे चालणारे निम्म्याने घटतात. मे संपायच्या आत घरातला २० मिनिटांचा क्रम दोन-तीन वेळा करून बघा, म्हणजे पहिल्या पावसाच्या दिवशी तो नवा वाटणार नाही. जागेवर गुडघे उचलत चालणं ३ मिनिटं. संथ सूर्यनमस्कार सहापासून सुरू करून महिन्यात बारापर्यंत. अर्ध्या बैठका १२, कट्ट्यावर जोर १०, पुन्हा दोन्ही. शेवटी जिना ५ मिनिटं, कठडा धरून, उतरताना सावकाश. रेडिओवरच्या बातम्या किंवा ठरलेली मालिका लागली की सुरू करायचं, म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही.

भुरभुर असताना शहरातल्या रस्त्यांवर चालायला हरकत नाही. किल्ल्याच्या पायवाटांवर शेवाळ धरतं, तिथे जाऊ नये. यवतेश्वर घाटात धुकं, कास-ठोसेघरच्या गाड्या आणि दरडीचा धोका. घाट ऑक्टोबरपर्यंत सोडून द्या. बुटांचे दोन जोड शक्य नसतील तर ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. सकाळी ओला बूट दिसला की माणूस मागे फिरतो, कारण एवढं साधं असतं.

सण, लग्नं, जत्रा

गणपती, नवरात्र, दिवाळी, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, हुरडा, लग्नसराई आणि उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा. वर्षातला मोठा भाग असाच जातो. या दिवसांत वजन उतरवण्याचं ध्येय ठेवूच नका. या काळाचं ध्येय एकच, आहे तेवढं राखायचं. गणपतीच्या आधीची सरासरी आणि भाऊबीजेनंतरची सरासरी सारखी आली तर तो विजय माना.

कोणत्या दिवशी मोकळेपणाने खायचं ते आधी ठरवा. गौरी जेवणाची पुरणपोळी, पाडवा, आपल्या गावची जत्रा. त्या दिवशी मनापासून जेवा. वजन वाढतं ते ठरवलेल्या दिवसांमुळे नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस डब्यात उरलेली चकली-शंकरपाळी चहाबरोबर जाते, ती वाढवते. फराळ निम्म्या मापाने करा किंवा वाटून टाका. जत्रेत मटणाचा रस्सा वाढून घेतला की ढवळायच्या आधी वरचा तवंग चमच्याने बाजूला काढा, फोडी मनसोक्त खा, भाकऱ्या दोनवर थांबवा.

आग्रहाला उत्तर तयार हवं. ‘माझं डाएट चालू आहे’ म्हटलं की आग्रह वाढतो. ‘काकू, फार छान झालंय, अर्धीच वाढा, लागली तर मागून घेते’ म्हटलं की वाढणारीचाही मान राहतो. ताट भरलेलं असताना घास सावकाश घ्या. रिकामं ताट दिसलं की वाढपी थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट मन खचवते. पाच-सहा किलो उतरले की नातेवाईक म्हणतात, ‘चेहरा उतरलाय गं, आजारी होतीस का?’ चेहऱ्यावरची चरबी कमी झाली की गाल बसलेले दिसतात, कपड्यांतून पोटाचा फरक इतरांना उशिरा दिसतो. असं बोलणं ऐकून बऱ्याच जणी थांबतात. वहीतली कंबर आणि जिन्याचा दम पाहा. ते सुधारत असतील आणि थकवा नसेल तर चालू ठेवा. प्रयत्न न करताच वजन उतरत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.

वजन अडतं तेव्हा

तीन-चार महिन्यांनी बहुतेकांचं अडतं. आठ किलो हलकं झालेलं शरीर तेवढ्याच चालण्यात आणि बसण्यात कमी ऊर्जा वापरतं. शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हालतो. आणि मापं सैल होतात. चमचा पुन्हा बुधलीकडे वळतो, मुलांच्या ताटातलं उरलेलं तोंडात जातं.

साप्ताहिक सरासरी सलग चार आठवडे जागची हलली नाही, तरच वजन अडलं असं म्हणा. आधी कंबर बघा. ती उतरत असेल तर काही बदलू नका. तीही थांबली असेल तर १४ दिवस तोंडात जाणारं सगळं लिहा, चव घेतलेलंसुद्धा. बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं. तरी नाही सापडलं तर एकच गोष्ट बदला. रात्रीची अर्धी भाकरी कमी, किंवा रोज २,००० पावलं जास्त, म्हणजे सुमारे वीस मिनिटं. तीन आठवडे थांबून मग निकाल पाहा. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या अडथळ्याला हातात काही शिल्लक राहत नाही. फार कंटाळा आला असेल तर ठरवून दोन आठवडे फक्त वजन राखा, तारीख लिहून. तारीख लिहिलेली विश्रांती आणि सोडून देणं यांत मोठा फरक आहे. सोबत थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

खंड पडल्यावर

आठ-दहा दिवस चुकले तर सोमवारची वाट पाहू नका. आठवण झाली त्याच दिवशी दहा मिनिटं. जिथे सोडलं तिथून सुरू करण्याचा हट्टही नको. आठवड्याभराचा खंड असेल तर आधीच्या दोन-तृतीयांश वेळेवर, महिन्याचा असेल तर निम्म्यावर. तापानंतर, विशेषतः डेंगी किंवा चिकनगुनियानंतर, ताप जाऊन अंगदुखी आणि गरगर थांबेपर्यंत विश्रांती घ्यावी. नंतर पहिला आठवडा घराभोवतीच चालावं, सांधे धरले असतील तर चढण टाळावी. खंडात वाढलेले पहिले एक-दीड किलो बरेचसे पाणीच असतात, ते दहा-बारा दिवसांत उतरतात. त्यासाठी उपाशी राहू नका.

ध्येयाचं वजन आल्यावर रोजचा काटा सोडला तरी चालेल, रविवारचा सोडू नका. वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या वजनाच्या दोन किलो वरचा आकडा लाल शाईने लिहा. ७० वर थांबलात तर ७२. सलग दोन रविवार काटा त्याच्या वर दिसला, की त्याच दिवसापासून तेलाच्या पिशवीवर पुन्हा तारीख, चहाचे पुन्हा तीन, आणि १४ दिवसांची नोंद.